सुट्या पैशांतल्या जुन्या पेन्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतल्या एक सेंटच्या नाण्याबद्दल, म्हणजे पेनीबद्दल आहे. अमेरिकेत राहणाऱ्या, तिथे शिकायला गेलेल्या किंवा मुलांकडे सहा महिने राहायला आलेल्या मराठी मंडळींकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं एकत्र केली आहेत. लिलावात घेतलेल्या नाण्यांचा विषय वेगळा. इथे फक्त दुकानदाराने परत दिलेल्या चिल्लरीचं बोलू.

पेनी तर बंद झाली ना? मग आता शोधण्यात काय अर्थ?

बंद झालं ते पाडणं. १२ नोव्हेंबर २०२५ रोजी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीच्या शेवटच्या पेन्या पाडल्या. २०२४च्या आर्थिक वर्षात एक सेंटचं एक नाणं पाडायला ३.६९ सेंट खर्च येत होता, त्यामुळे हे कधीतरी होणारच होतं. पण आधीची प्रत्येक पेनी आजही कायदेशीर चलन आहे आणि अशा पेन्या अंदाजे ३०० अब्ज आहेत. आपल्याकडे २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११च्या जूनअखेर चलनातून बाद झाली, तसं तिथे झालेलं नाही. १९०९ सालची पेनीसुद्धा दुकानदाराला एक सेंट म्हणून देता येते. देऊ नका, एवढंच.

माझ्या मते तर शोधायला हाच काळ बरा. वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या बरण्या लोक आता बाहेर काढून रिकाम्या करताहेत, आणि नव्या चकचकीत पेन्यांची भर थांबली आहे.

ओमेगा चिन्ह असलेल्या शेवटच्या पेन्यांबद्दलही विचारणा होते. त्या लिलावासाठी वेगळ्या ठेवल्या होत्या. गॅस स्टेशनच्या गल्ल्यात त्या मिळायच्या नाहीत.

सुरुवातीला काय काय लागतं?

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, बाजूने प्रकाश पाडता येईल असा टेबललॅम्प, एक लोहचुंबक आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा खिशात मावेल एवढा वजनकाटा. स्वयंपाकघरातला काटा बहुधा पूर्ण ग्रॅमच दाखवतो, त्याचा इथे उपयोग नाही. खाली मऊ कापड किंवा नॅपकिन अंथरा. नाणं कायम कडेला धरा, कारण बोटाचा घाम तांब्यावर उमटतो आणि काही महिन्यांनी तिथे ठशासकट काळा डाग दिसतो.

नाण्यावर नेमकं बघायचं तरी काय?

आधी मागची बाजू, मग साल, मग सालाखालचं अक्षर. हाच क्रम ठेवा, वेळ वाचतो.

मागच्या बाजूला दोन्ही कडांना गव्हाच्या ओंब्या असतील, तर ते नाणं १९०९ ते १९५८ या काळातलं. यालाच तिथे ‘व्हीट पेनी’ म्हणतात. खांबांची इमारत असेल तर १९५९ ते २००८. ती वॉशिंग्टनमधली लिंकन मेमोरियल, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकनचं स्मारक. भिंगाखाली मधल्या दोन खांबांच्या मध्ये पाहा, एक बारीकसा उंचवटा दिसेल. तो आत बसलेला लिंकनचा पुतळा, म्हणजे एकाच नाण्यावर दोन्ही बाजूंना लिंकनच. झिजलेल्या नाण्यावर हा पुतळा पुसट होतो, त्यामुळे नाणं किती हाताळलंय याचा अंदाजही येतो. २००९ साली लिंकनच्या जन्माला २०० वर्षं झाली, म्हणून त्या एका वर्षात मागे चार वेगवेगळी चित्रं आली: केंटकीतली लाकडी झोपडी, इंडियानात ओंडक्यावर बसून वाचणारा तरुण लिंकन, इलिनॉयच्या विधानभवनासमोरचा वकील लिंकन आणि घुमट अर्धवट बांधलेलं कॅपिटॉल. २०१०पासून ढाल आहे.

सालाखालचं अक्षर म्हणजे टांकसाळीची खूण. ‘डी’ म्हणजे डेन्व्हर, ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर बहुधा फिलाडेल्फिया. बहुधा अशासाठी, की १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत कुठल्याच टांकसाळीने खूण घातली नव्हती, आणि वेस्ट पॉइंटला पाडलेल्या पेन्यांवरही खूण नसे. फिलाडेल्फियाचं ‘पी’ अक्षर पेनीवर फक्त २०१७ साली आलं, टांकसाळीच्या २२५व्या वर्षानिमित्त. ते नाणं दुर्मीळ अजिबात नाही, पण मुलांना शोधायला छान. मुंबईच्या टांकसाळीचा हिरा आणि हैदराबादचा तारा रुपयाच्या नाण्यावर ज्यांनी शोधलाय, त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल.

चलनासाठीची ‘एस’ पेनी १९५५नंतर थांबली, पुन्हा १९६८ ते १९७४ एवढीच पाडली गेली. म्हणून ‘एस’ दिसलं की मी ती बाजूला ठेवतोच. किंमत फारशी नसते, पण पूर्व किनाऱ्यावर ती सहजासहजी हाताला लागत नाही.

तांब्याची आणि जस्ताची पेनी कशी ओळखायची?

१९८१पर्यंतची पेनी (१९४३ सोडून) ९५ टक्के तांब्याची, वजन ३.११ ग्रॅम. १९८३पासूनची ९७.५ टक्के जस्ताची, वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. टेबलावर टाकून बघा. तांब्याची खणकन वाजते, जस्ताची बद्द आवाज करते. थोड्या सरावानंतर काट्याची गरजच उरत नाही. जस्ताच्या पेनीवर बारीक फोडही दिसतात. मुलाम्याला भेग पडून आत ओल शिरली की जस्त कुजतं आणि नाणं कडेने खाल्ल्यासारखं होतं. अशी नाणी चांगल्या नाण्यांजवळ ठेवू नयेत.

खरी मजा १९८२ची. त्या वर्षी टांकसाळीने मध्येच धातू बदलला आणि सालाचे आकडेही मोठे आणि छोटे अशा दोन प्रकारांत आले. दोन धातू, दोन आकडे, दोन खुणा, अशा मिळून चलनातल्या सात जाती लगेच माहीत झाल्या. आठवी जात, म्हणजे डेन्व्हरची, छोट्या आकड्याची, तांब्याची, नाहीच असं सगळे धरून चालले होते. तिचं पहिलं नाणं सापडलं २०१६ साली. तेव्हा १९८२ची ‘डी’ पेनी हातात आली की आधी काट्यावर ठेवा. ३.१ भरली, तर आकडे बघा. छोट्या आकड्यांत २ची खालची रेघ वळणदार असते, मोठ्यांत ती बरीच सरळ. दोन्ही प्रकारांची एकेक पेनी शेजारी ठेवून डोळा बसवून घ्या. नुसत्या वर्णनावरून हे कळत नाही.

आमच्याकडे १९४३ची करडी पेनी आहे. ती लाखमोलाची का?

नाही. दुसऱ्या महायुद्धात तांबं दारूगोळ्यासाठी हवं होतं, म्हणून १९४३च्या पेन्या जस्ताचा थर दिलेल्या पोलादाच्या पाडल्या. लोक तिला डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, समजून फसायचे. या पेन्या कोट्यवधींनी निघाल्या. वापरलेलं नाणं एक डॉलरच्या आतच मिळतं. पण ठेवावं असं नाणं आहे, चुंबकाला चिकटणारी पेनी बघून भारतातून आलेले आजी-आजोबाही चकित होतात.

लाखमोलाची ती उलटी चूक. आधीच्या वर्षीच्या तांब्याच्या काही चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांच्यावर १९४३चा ठसा बसला. अशी जेमतेम काही नाणी माहीत आहेत. डेन्व्हरचं तर एकच, ते २०१० साली १७ लाख डॉलरला विकलं गेलं. तुमच्याकडची तांबूस ४३ची पेनी चुंबकाला चिकटली, तर ती पोलादावर तांब्याचा मुलामा चढवलेली आहे. चिकटली नाही, तर शेवटचा ३ बघा. अस्सल नाण्यावर त्या ३ची शेपटी लांब आणि खाली उतरलेली असते. १९४८च्या पेनीतल्या ८चा अर्धा भाग कोरून केलेल्या ३ला ती शेपटी नसते.

कोणती सालं दिसली की थांबायचं?

ओंब्यांची कुठलीही पेनी ठेवा, हे झालंच. त्यातही १९०९ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. लिंकनच्या जन्मशताब्दीला ही पेनी आली. चित्र केलं होतं लिथुआनियातून आलेल्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांनी, आणि मागच्या बाजूला अगदी तळाशी त्यांची आद्याक्षरं होती: व्ही.डी.बी. शिल्पकाराने नाव एवढं ठळक टाकावं का, यावर ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. तोवर सॅन फ्रान्सिस्कोत ४,८४,००० नाणी पाडून झाली होती. ‘एस’ खूण आणि मागे व्ही.डी.बी., असं झिजकं नाणंही आज शेकडो डॉलरला जातं. १९१८ साली ती अक्षरं परत आली, पण लिंकनच्या खांद्याच्या कडेवर, भिंगाशिवाय न दिसणारी.

१९१४ची ‘डी’ (सुमारे १२ लाख नाणी) आणि १९३१ची ‘एस’ (८,६६,०००) ही तशीच मोठी नावं. १९२२ साली पेन्या फक्त डेन्व्हरला पाडल्या गेल्या. त्यामुळे त्या सालाखाली अक्षर नसेल, तर ते नाणं पाडणाऱ्या ठशावरच झिजून गेलेलं असतं आणि असं नाणं किमती असतं. पण नाणं झिजून अक्षर गेलेलंही असू शकतं, ते तज्ज्ञानेच ठरवावं.

खरं सांगायचं तर ही नाणी चिल्लरीत मिळायचे दिवस जवळपास सरले. मी स्वतः नव्या सालांकडे जास्त लक्ष देतो, कारण तिकडे लोक बघतच नाहीत. १९९८, १९९९ आणि २००० या सालांच्या काही पेन्यांवर मागे ‘अमेरिका’ शब्दातली ए आणि एम ही अक्षरं पायाशी एकमेकांपासून सुटी आहेत. नेहमीच्या नाण्यांवर ती चिकटलेली किंवा अगदी जवळ असतात. संग्राहकांसाठीच्या खास नाण्यांचा ठसा चुकून चलनाच्या यंत्राला लागला, त्याचा हा परिणाम. १९९२ला नेमकं उलटं: तिथे जवळजवळची अक्षरं दुर्मीळ. १९८४ची पेनी आली तर लिंकनच्या कानाखाली पाहा, काहींवर दुसरी पाळी दिसते. १९९५च्या काहींवर ‘लिबर्टी’ हा शब्द दुहेरी आहे. १९७२च्या काहींवर तर पुढची सगळीच अक्षरं.

‘दुहेरी ठसा’ म्हणजे काय? माझ्या नाण्यावर अक्षरं डबल दिसतात.

या पानावर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि दहातल्या नऊ फोटोंना माझं उत्तर ‘नाही’ असतं.

नाणं पाडणारा ठसा तयार करताना पोलादावर मूळ चित्र दाबून उतरवतात. पूर्वी हे एका दाबात होत नसे. पोलाद मऊ करून पुन्हा दाबावं लागे. दुसऱ्या वेळी ते तसूभर फिरलं, तर ठशावरच दोन प्रतिमा कोरल्या जात आणि त्या ठशाखालचं प्रत्येक नाणं सारखंच दुहेरी निघे. १९५५ साली फिलाडेल्फियात असंच झालं. अंदाजे २० ते २४ हजार नाणी बाहेर गेली. सिगारेटच्या पाकिटाची किंमत २३ सेंट, यंत्रात टाकायचं २५ सेंटचं नाणं, म्हणून पाकिटाच्या कागदातच दोन पेन्या परत म्हणून घातलेल्या असत. त्यातल्या बऱ्याच पेन्या तिथूनच लोकांच्या हाती आल्या असं सांगितलं जातं. त्यावरचं साल भिंगाशिवायही दोनदा दिसतं. आज किंमत हजार डॉलरच्या पुढे.

याउलट, नाणं पाडताना सैल ठसा घसरला तर अक्षराची कड घासली जाते. त्याला काही किंमत नाही. फरक असा ओळखा: दिवा बाजूने धरून ‘लिबर्टी’मधलं एखादं अक्षर भिंगाखाली घ्या. खऱ्या दुहेरी ठशात दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उंच असतात, अक्षर एकूण जाड होतं आणि त्याच्या टोकांना बारीक खाच पडून ती दुभंगलेली दिसतात. घसरलेल्या ठशात अक्षराच्या शेजारी एक सपाट, चकाकती पायरी दिसते, जिना उतरल्यासारखी, आणि मूळ अक्षर उलट बारीक झालेलं असतं. जस्ताच्या पेनीवर मुलामा फाटूनही अक्षराभोवती राखाडी रेघ येते. तीही दुहेरी नव्हे.

१९६९च्या ‘एस’ दुहेरी ठशाची एक गंमत आहे. त्याच सुमारास काही खोट्या दुहेरी पेन्या पकडल्या गेल्या होत्या, त्यामुळे सरकारी सीक्रेट सर्व्हिसने टांकसाळीतून निघालेली काही अस्सल नाणीही खोटी समजून जप्त केली.

रीलमध्ये दाखवतात, ‘ही पेनी तुमच्याकडे असेल तर तुम्ही करोडपती’. खरं का?

त्या रीलमधलं नाणं नीट बघा. बहुतेकदा दाखवतात साधं नाणं आणि किंमत सांगतात भलत्याच नाण्याची. ऑनलाइन विक्रीच्या जागी कुणी ‘५०,००० डॉलर’ लिहिलं म्हणजे ती किंमत झाली नाही, ती त्या माणसाची इच्छा झाली. ‘विकली गेलेली’ नाणी वेगळी निवडून बघता येतात, तेवढंच बघा. ओंब्यांची साधी पेनी काही सेंटला जाते.

खोटं नाणं ओळखायची एखादी सोपी युक्ती?

१९१४च्या ‘डी’साठी आहे. १९४४च्या ‘डी’ पेनीतला पहिला ४ कोरून त्याचा १ करतात. पण १९४४च्या नाण्यावर खांद्याच्या कडेला व्ही.डी.बी. असतं आणि १९१४ला ते असूच शकत नाही. शिवाय १९ आणि पुढचा १ यांच्यात जरा जास्त फट राहते.

काळी पडलेली पेनी पितांबरीने घासली तर?

नको! देवघरातल्या तांब्याला लावतो ते काहीही नाण्याला लावायचं नाही. पितांबरी, चिंच, लिंबू-मीठ, व्हिनेगर, कोक, खोडरबर, सगळं वर्ज्य. तांब्यावरचा तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं वय आहे. तो निघाला की खाली भडक गुलाबी, ओरखड्यांची कातडी उरते आणि जाणकार ती टेबलापलीकडून ओळखतो. किंमत अर्ध्याहूनही खाली येते. संग्राहक तांब्याच्या नाण्याचा रंगही नोंदवतात: लाल, लाल-तपकिरी, तपकिरी. मूळ लाली टिकलेलं नाणं सगळ्यात महाग, पण घासून आणलेली लाली त्यात धरत नाहीत.

चिकट घाण असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवून, न पुसता वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस पेटलेला नको. नेलपॉलिश काढायचं सुगंधी द्रावण हे अॅसिटोन नव्हे.

ठेवायच्या कशात?

साल-खुणांची भोकं असलेलं निळं पुठ्ठ्याचं फोल्डर सुरुवातीला उत्तम. किमती नाण्यासाठी मायलारची (पारदर्शक, नाण्याला न बाधणाऱ्या प्लास्टिकची) खिडकी असलेले दोन इंची पुठ्ठ्याचे चौकोन घ्या. मऊ, वास येणारं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी, त्याने नाण्यावर हिरवट चिकटा येतो. ओलसर तळघरात काहीच ठेवू नका.

एवढी चिल्लर आणायची कुठून?

बँकेतून. पन्नास पेन्यांचा एक रोल, पन्नास रोलची एक पेटी, म्हणजे २५ डॉलरला २,५०० पेन्या. पेटी सव्वासहा किलोच्या वर भरते, हातगाडी नसेल तर पार्किंगपर्यंत नेताना कळतं. आता पेन्यांची टंचाई आहे, त्यामुळे पेटी सगळीकडे मिळेलच असं नाही. खिडकीवर नम्रपणे विचारा, एखाद्या ग्राहकाने हाताने गुंडाळून आणलेले रोल असतील तर तेच मागा. यंत्राने भरलेल्यांपेक्षा त्यांत जुनी नाणी निघण्याची शक्यता जास्त. बघून झालेल्या पेन्या त्याच शाखेत परत नेऊन टाकणं मात्र बरं दिसत नाही. दुसऱ्या बँकेत टाका.

ग्रेडिंगला पाठवू का?

पीसीजीएस किंवा एनजीसी या संस्था नाणं तपासून १ ते ७० या मापात दर्जा ठरवतात आणि सीलबंद डबीत घालून देतात. त्यांची फी आणि टपालखर्च मिळून साध्या नाण्याच्या किमतीच्या कित्येक पट होतो. आधी जवळच्या नाण्यांच्या दुकानात किंवा कॉइन शोमध्ये दाखवा. दोन वेगळ्या जाणकारांनी ‘पाठवा’ म्हटलं, तरच पाठवा.

तांब्याच्या पेन्या साठवून भंगारात विकल्या तर?

एका जुन्या पेनीत जवळजवळ तीन ग्रॅम तांबं आहे आणि त्याचा भाव एक सेंटहून जास्त होतो, हा हिशोब सगळ्यांनाच सुचतो. म्हणूनच डिसेंबर २००६मध्ये पेनी आणि निकेल (पाच सेंटचं नाणं) वितळवण्यावर बंदी आली. शिक्षा १०,००० डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद. साठवायला मनाई नाही. सहलीच्या ठिकाणी पेनी दाबून लांबट चित्र काढणारी यंत्रं असतात, तीही चालतात.

चिल्लरीत राणीचं चित्र असलेली पेनी आली. खोटी आहे?

कॅनडाची आहे. आकार जवळपास सारखाच, त्यामुळे ती सहज मिसळून जाते. कॅनडाने २०१२ साली पेनी पाडणं थांबवलं, आणि तिथे रोखीचा हिशोब जवळच्या पाच सेंटांवर आणतात. १९४२ ते १९९६ची कॅनडाची पेनी ९८ टक्के तांब्याची. मी त्यांचा वेगळा डबा केलाय.

भारतात बाबांसाठी न्यायच्या आहेत. चालेल ना?

चालेल, पण मर्यादा आहे. वितळवण्याच्या बंदीबरोबरच देशाबाहेर नेण्यावरही बंधन आलं. प्रवाशाला पेनी आणि निकेल मिळून ५ डॉलरपर्यंत सोबत नेता येतात, आणि स्वतःच्या संग्रहासाठी असतील तर २५ डॉलरपर्यंत. ५ डॉलर म्हणजे ५०० पेन्या, तांब्याच्या असतील तर दीड किलोहून जास्त. एवढ्या कुणी नेतही नाही. बाबांच्या संग्रहात शिवराई असेल, तर तिच्या शेजारी ठेवायला ओंब्यांची एक, ४३ची पोलादाची एक आणि २००९च्या चारही, एवढं पुरेसं आहे. नाणी फोल्डरमध्ये घालून हातातल्या सामानात ठेवा. एक्स-रेमध्ये धातूचा गठ्ठा दिसला की पिशवी उघडायला सांगतात, तेव्हा फोल्डर वरच असलेलं बरं.